अ‍ॅडेलीचा खडक आणि पणजीचा पिनकोड

बक्षीस ठरलं होतं ते असं : पंचाहत्तर अंश दक्षिण अक्षांश गाठलं, तर जहाजावरच्या प्रत्येक माणसाला शंभर सुवर्ण फ्रँक. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला आणखी वीस. देणारा फ्रान्सचा राजा लुई फिलिप. ७ सप्टेंबर १८३७ रोजी तुलाँ बंदरातून 'आस्त्रोलाब' आणि 'झेले' ही दोन शिडाची जहाजं निघाली, तेव्हा खलाशांच्या मनात या फ्रँकांचा हिशेब असणारच. पण मोहिमेच्या प्रमुखाकडे पाहून त्यांचा धीर सुटत होता. सत्तेचाळीस वर्षांचा, गाऊटनं पाय धरलेला, डेकवर लंगडत येणारा हा गडी आपल्याला फार लांब नेणार नाही, अशी कुजबूज सुरू झाली. ती प्रमुखाच्या कानावर गेली आणि त्यानं ती स्वतःच्या वृत्तान्तात नोंदवूनही ठेवली. मला हा माणूस तिथपासून आवडायला लागला.

त्याचं नाव ज्यूल द्युमाँ द्युर्व्हील. नॉर्मंडीतल्या एका गावात १७९० साली जन्मलेला. नौदलात अधिकारी, पण जीव वनस्पतींत, भाषांत आणि नकाशांत. १८२० मध्ये एजियन समुद्रातल्या मिलो बेटावर शेतात सापडलेली एक संगमरवरी स्त्रीमूर्ती त्यानं पाहिली, तिचं मोल ओळखलं आणि ती फ्रान्सनं घ्यावी म्हणून वरिष्ठांच्या मागे लागला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आज जिच्यासमोर झुंबड उडते, ती हीच हात तुटलेली व्हीनस. दहा वर्षांनी, १८३० च्या क्रांतीत पदच्युत झालेल्या दहाव्या चार्ल्स राजाला इंग्लंडला पोचवायचं कामही याच्याकडेच आलं. मूर्ती आणली तशीच निष्ठेनं राजाची रवानगी केली.

कोल्हापूरच्या वाचकानं या फ्रेंच दर्यावर्द्याची गोष्ट का वाचावी? समुद्र आमच्यापासून तसा दूर नाही. गगनबावड्याचा करूळ घाट उतरला की कोकण, आणि पुढे तासा-दीड तासात खारा वारा. पण आमची पंचगंगा त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरते. आमच्या इतिहासालाही बहुधा तीच सवय लागली. समुद्राकडे पाहायचं ते पाठमोरं. म्हणून या गोष्टीचे भारतीय धागे ओढून पाहावेत असं वाटलं. ते अनपेक्षित ठिकाणी निघतात.

पहिला धागा एका लास्कराचा. युरोपीय जहाजांवर राबणाऱ्या हिंदुस्थानी खलाशांना तेव्हा लास्कर म्हणत. द्युर्व्हीलच्या आधी फ्रान्सनं ला पेरूज नावाच्या सरदाराला दोन जहाजं देऊन पॅसिफिकमध्ये पाठवलं होतं. १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बे इथून ती जहाजं निघाली आणि नाहीशी झाली. सोळाव्या लुईनं गिलोटिनकडे जातानाही 'ला पेरूजची काही खबर?' असं विचारलं, अशी आख्यायिका आहे. पुढची जवळपास चाळीस वर्षं कुणालाच पत्ता लागला नाही.

तो लागला टिकोपिया नावाच्या चिमुकल्या बेटावर. पीटर डिलन हा व्यापारी कप्तान. १८१३ मध्ये फिजीत झालेल्या मारामारीतून कसाबसा वाचून निघाल्यावर त्यानं एक प्रशियन माणूस, त्याची फिजीयन बायको आणि एक लास्कर यांना या बेटावर उतरवलं होतं. तेरा वर्षांनी तो पुन्हा तिथे गेला तर मंडळी खुशाल. लास्कर तर पुरता बेटकरी झालेला. त्याच्याजवळ तलवारीच्या मुठीची चांदीची जुनी संरक्षक पट्टी होती, ती त्यानं जहाजावरच्या लोहाराला विकली. ही आली कुठून? शेजारच्या व्हानिकोरो बेटावरून. तिथे फार पूर्वी दोन मोठी जहाजं फुटली होती. लास्कर स्वतः त्या बेटावर जाऊन आला होता. डिलननं ओळखलं, हा ला पेरूजच.

डिलन थेट कलकत्त्याला आला. एशियाटिक सोसायटीच्या पंडितांनी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं त्याचं ऐकून घेतलं आणि १८२७ च्या जानेवारीत 'रिसर्च' नावाचं जहाज देऊन त्याला परत पाठवलं. फ्रान्सच्या हरवलेल्या सरदाराचा शोध असा हुगळीच्या काठावरून मार्गी लागला. नेमक्या त्याच काळात फ्रान्सनं द्युर्व्हीललाही त्याच कामावर धाडलं होतं. त्याच्या जहाजाचं मूळ नाव 'कोकी'. ला पेरूजच्या एका जहाजाच्या स्मरणार्थ ते बदलून 'आस्त्रोलाब' केलं होतं. होबार्टला पोचल्यावर त्याला कळलं की डिलन आधीच व्हानिकोरोला जाऊन आला. १८२८ च्या फेब्रुवारीत तो तिथे गेला, प्रवाळात रुतलेले नांगर आणि तोफा पाहिल्या, साथीदारांना ताप आलेला असताना एक स्मारक उभारलं. डिलनला फ्रेंच सरकारनं 'लिजन ऑफ ऑनर' दिलं, शिवाय पेन्शन. लास्कराच्या वाट्याला लोहारानं त्या पट्टीचं जे काही मोल दिलं असेल तेवढंच. डिलनच्या पुस्तकात तो 'जो' या घरगुती इंग्रजी नावानं येतो. चाळीस वर्षांचं कोडं ज्याच्या गाठोड्यातून सुटलं, त्याला इतिहासानं तळटीपेत बसवलं. बहुतेक सगळ्या शोधमोहिमांचं हे असंच.

या दुसऱ्या सफरीवरून परतल्यावर द्युर्व्हीलनं पॅसिफिकच्या बेटांची विभागणी मांडली. मेलानेशिया, मायक्रोनेशिया, पॉलिनेशिया ही शाळेच्या नकाशात पाठ केलेली नावं त्याच्या १८३२ च्या निबंधामुळे रूढ झाली. निबंध वाचताना मात्र अस्वस्थ व्हायला होतं. बेटांची मांडणी करता करता तो माणसांची उतरंड लावतो : फिकट कातडीचे वर, काळे खाली. तिसऱ्या मोहिमेत तर त्यानं द्युमूतिए नावाचा कवटीशास्त्रज्ञ बरोबर घेतला. डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याचं हे 'शास्त्र' तेव्हा युरोपात जोरात होतं. द्युमूतिए बेटोबेटी लोकांच्या डोक्यांचे प्लास्टरचे साचे घेत फिरला. ही विद्या पुढे कचऱ्यात गेली. साचे मात्र पॅरिसच्या संग्रहालयात उरले, आणि त्या लोकांचे चेहरे म्हणून आज ते अमोल आहेत.

आता ती तिसरी मोहीम, म्हणजे शंभर फ्रँकवाली. द्युर्व्हीलला खरं तर पुन्हा पॅसिफिकच हवा होता. दक्षिण ध्रुवाचं टुमणं राजानं जोडलं. इंग्रज शिकारी जेम्स वेडेल १८२३ मध्ये चौऱ्याहत्तर अंशांच्या पुढे जाऊन आला होता, अमेरिकेचीही मोहीम निघत होती, मग फ्रान्सनं मागे का राहायचं? दरबारी हौस ही अशी असते. ज्या जहाजांना बर्फासाठी तांब्याच्या पत्र्यापलीकडे फारसं कवच नव्हतं, ती १८३८ च्या जानेवारीत वेडेलच्या वाटेवर निघाली. वेडेलला मिळालेलं मोकळं पाणी त्यांना दिसलंच नाही. साधारण चौसष्ट अंशांवर बर्फाची भिंत आडवी आली. फटीत शिरायला गेले आणि अडकले. पाच दिवस खलाशी बर्फावर उतरून कुदळी-पहारींनी वाट फोडत, दोर लावून जहाजं ओढत होते. सुटले, पण पुढे स्कर्व्हीनं गाठलं. हिरड्या सुजल्या, पाय काळे पडले. चिलीच्या किनाऱ्याला लागेपर्यंत निम्मं जहाज आजारी. शंभर फ्रँक दूरच, साधा ध्रुववृत्ताचा स्पर्शही नाही.

मग दीड वर्षाहून जास्त काळ पॅसिफिक : मार्केसास, ताहिती, फिजी, सॉलोमन, बोर्निओ, सुमात्रा. हा भाग ग्रंथांत मोठा आहे, मी तो लवकर ओलांडतो. सुमात्राहून होबार्टला जाताना रक्ती आव आणि तापानं माणसं पटापट गेली. एकामागून एक मृतदेह समुद्रात सोडले गेले. १२ डिसेंबर १८३९ ला होबार्टला पोचले तेव्हा दोन्ही जहाजांवर मिळून एका जहाजापुरतेच धड खलाशी उरले होते. द्युर्व्हीलचा बेत एकटं 'आस्त्रोलाब' न्यायचा होता. 'झेले'चा कप्तान जाकिनो हट्टाला पेटला, बंदरातून मिळतील ती माणसं भरली, आणि नववर्ष उजाडताच दोन्ही जहाजं पुन्हा दक्षिणेला निघाली. या वेळी बक्षिसाचा आकडा नव्हता. शोधायचा होता तो दक्षिण चुंबकीय ध्रुव.

तीन आठवड्यांत जमीन दिसली. जमीन म्हणजे क्षितिजभर पसरलेला पांढरा उतार, कुठेही खडकाचा काळा ठिपका नाही. काहींना ती जमीन वाटेना. हिमनगांच्या गल्ल्यांतून जहाजं आत गेली. भिंतींवर आदळून अधिकाऱ्यांच्या आज्ञांचे प्रतिध्वनी उठत होते. शेवटी एका बाजूला उघडे खडक दिसले. दोन्ही जहाजांवरून एकेक होडी सुटली. द्युर्व्हील स्वतः जहाजावरच थांबला. रात्री नऊच्या सुमारास, दक्षिणेतल्या उन्हाळ्याच्या उजेडात, ही मंडळी मुख्य भूमीपासून थोड्या अंतरावरच्या एका खडकाळ बेटुकल्यावर चढली. तिथे फक्त पेंग्विन. त्यांना बाजूला हाकललं, तिरंगी फ्रेंच झेंडा रोवला, बोर्दोच्या वाइनची बाटली फोडून फ्रान्सच्या नावानं प्याले रिचवले, आणि हातोड्यांनी दगड फोडायला बसले. दगड महत्त्वाचे, कारण त्यावरूनच सिद्ध होणार होतं की ही जमीन आहे, बर्फ नव्हे. काही पेंग्विनही बरोबर घेतले. एकाचाही हक्क डावलला गेला नाही असा ताबा घेतल्याचं एका अधिकाऱ्यानं गमतीनं लिहिलं आहे. बाकीच्या साम्राज्याबद्दल त्याला तसं लिहिता आलं नसतं.

जहाजाच्या नोंदीत तारीख २१ जानेवारी १८४०. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडूनही फ्रेंचांनी तारीख बदलली नव्हती, म्हणून खरी २२. या एका दिवसावरून अमेरिकेच्या चार्ल्स विल्क्सशी 'आधी कुणी पाहिलं' हा वाद रंगला. महिनाअखेरीस तर विल्क्सचं एक जहाज आणि ही दोन जहाजं भर धुक्यात समोरासमोर आली, एकमेकांचे इशारे चुकीचे समजली आणि न बोलता आपापल्या वाटेनं गेली. हजारो मैलांत दुसरं माणूस नाही आणि हे रुसून बसले.

द्युर्व्हीलनं त्या किनाऱ्याला बायकोचं नाव दिलं, अ‍ॅडेली लँड. अ‍ॅडेलनं तीन सफरींत नवऱ्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, मुलं गमावली होती. पेंग्विनांच्या एका जातीलाही पुढच्याच वर्षी ते नाव मिळालं. ६ नोव्हेंबर १८४० ला मोहीम तुलाँला परतली. द्युर्व्हील रिअर अ‍ॅडमिरल झाला, खलाशांना मिळून पंधरा हजार फ्रँक मिळाले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायचा उत्सव पाहून तो, अ‍ॅडेल आणि उरलेला मुलगा पॅरिसला रेल्वेनं परतत होते. मदाँजवळ इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. डब्यांना बाहेरून कुलपं होती, तशी तेव्हा रीतच होती. पन्नासहून जास्त माणसं जळाली. द्युर्व्हीलचा देह ओळखला तो कवटीवरून, आणि ओळखणारा होता तोच कवटीशास्त्रज्ञ द्युमूतिए. त्या विद्येचा एवढा एकच खरा उपयोग झाला असावा.

याच शतकात कोल्हापूरनंही एक समुद्रपर्यटन केलं. १८७० मध्ये छत्रपती राजाराम महाराज विशीत इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं असं मानणाऱ्या समाजातून, स्वतःचे आचारी बरोबर घेऊन. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, कारखाने पाहिले, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन झालं. तिथल्या उद्यानात त्यांची छत्री आहे, जवळच्या पुलालाही इटालियन लोक 'इंडियन'चं नाव लावतात. रोजनिशी कॅप्टन वेस्टनं संपादून १८७२ मध्ये लंडनला छापली. आमच्याकडे राजाराम कॉलेज त्यांच्या नावानं उभं आहे, पण रोजनिशी वाचलेला कोल्हापूरकर मला क्वचितच भेटतो. फ्रेंच राजाला जगाच्या तळाचा खडक हवा होता. आमच्या तरुण राजाला जग नुसतं पाहायचं होतं, तेही पुरतं मिळालं नाही.

आणि तो खडक? त्याचं फ्रान्सनं काय केलं? जवळपास काहीच नाही. १९२४ मध्ये अ‍ॅडेली लँडवर कागदोपत्री हक्क सांगितला. माणसं राहायला गेली ती १९५० मध्ये, झेंडा रोवल्यानंतर एकशे दहा वर्षांनी. पोर-मार्तँ नावाचा तो तळ दोन वर्षांत आगीत खाक झाला. १९५६ पासून द्युमाँ द्युर्व्हीलच्याच नावाचं केंद्र तिथे चालू आहे. 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' हा ऑस्कर मिळवलेला माहितीपट त्याच्याच आसपास चित्रित झाला. माझं मत असं की अ‍ॅडेली लँडचा खरा शोध १८४० मध्ये लागलाच नाही. तिथे काही तास माणसं होती. शोध लागला तो ती माणसं हिवाळ्यात राहायला लागली तेव्हा.

या कसोटीवर आपली मोहीम तपासावी. १९५६ मध्ये भारतानं अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेण्याची खटपट केली होती : ही जमीन मूठभर देशांची जहागीर का? दावे सांगणाऱ्यांना ते रुचलं नाही. १९५९ चा अंटार्क्टिक करार बारा देशांनी केला, त्यात आपण नव्हतो. करारानं दावे गोठवले, म्हणजे मिटवले नाहीत आणि मान्यही केले नाहीत. त्यानंतर २२ वर्षांनी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, गोव्याहून 'पोलर सर्कल' हे भाड्यानं घेतलेलं नॉर्वेजियन जहाज गाजावाजा न करता निघालं. एकवीस माणसं. प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. ९ जानेवारी १९८२ ला ती अंटार्क्टिकावर उतरली, २१ फेब्रुवारीला गोव्यात परत. द्युर्व्हीलला तीन वर्षांवर लागली होती, यांना तीन महिनेही नाही. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे : ही मंडळी पुन्हा गेली, आणि पुन्हा गेली.

तिसरी मोहीम १९८३ च्या डिसेंबरमध्ये हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली गेली. तीत पहिल्यांदाच दोन भारतीय स्त्रिया होत्या : भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत या औंधच्या. सातारा जिल्ह्यातलं ते छोटं संस्थान, सूर्यनमस्काराचा आणि चित्रांचा ध्यास घेतलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं, १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत राजदूत झाले, अदिती ही अप्पासाहेबांची मुलगी. पुणे विद्यापीठात बी.एस्सी., मग अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक हाती पडलं आणि प्लवकांची ओढ लागली. हवाई विद्यापीठ, लंडनमध्ये पीएच.डी., नंतर गोव्याची संस्था. कोल्हापूरपासून दोन-अडीच तासांवरच्या दुष्काळी माणदेशातल्या राजघराण्याची नात जगाच्या तळाशी पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती तपासायला उभी राहिली. अ‍ॅडेलच्या नशिबी किनाऱ्याला नाव देण्यापुरतंच स्थान होतं. दीडशे वर्षांच्या आत एवढा पल्ला गाठला गेला, याची आमच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींपेक्षा जास्त नोंद असायला हरकत नव्हती.

त्याच मोहिमेनं आठ आठवड्यांत 'दक्षिण गंगोत्री' बांधलं आणि १९८४ मध्ये बारा जणांच्या पहिल्या तुकडीनं कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्यासोबत तिथे सबंध हिवाळा काढला. बर्फावर बांधलेलं ते केंद्र हळूहळू बर्फाखाली गेलं, १९९० मध्ये सोडावं लागलं. तोवर शिर्माखरच्या खडकाळ पट्ट्यात 'मैत्री' उभं राहिलं होतं. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर 'भारती', एकशे चौतीस मालवाहू कंटेनर जोडून. वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून या सगळ्याची सूत्रं हलतात.

'भारती'ची जागा नकाशात पाहताना मजा वाटते. ती ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे, कोल्हापूर ७४ वर. म्हणजे रंकाळ्यावर उभं राहून नाकासमोर दक्षिणेला साडेनऊ हजार किलोमीटर गेलं की जवळपास तिथेच. वाटेत डावी-उजवीकडे फ्रेंचच भेटतात : अ‍ॅमस्टरडॅम बेट, केर्गेलेन. केर्गेलेन हा फ्रेंच सरदार १७७२ मध्ये मॉरिशसहून निघून तिथे पोचला आणि स्वर्गासारखा दक्षिण खंड सापडल्याची थाप राजाला मारून बसला. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही त्याच बाजूचा पाहुणा आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्याचं मूळ भूशास्त्रज्ञ आजच्या फ्रेंच रेयुनियन बेटाखाली दाखवतात. 'भारती'भोवतीचे खडक तर पूर्व घाटाच्या खडकांशी जुळतात. गोंडवन तुटण्याआधी दोन्ही किनारे लागून होते, आणि जागा निवडताना हा दुवा तपासणं हा एक हेतू होताच. द्युर्व्हीलच्या माणसांनी हातोडे मारले तेही दगडाला काहीतरी विचारायलाच.

एक सरकारी तपशील राहिला. दक्षिण गंगोत्रीत १९८४ मध्ये टपाल कचेरी उघडली. पहिल्याच वर्षी सुमारे दहा हजार पत्रांवर तिथला शिक्का बसला. नंतर ती 'मैत्री'त गेली. कारभार गोवा टपाल विभागाकडे, पत्त्यावर पिनकोड पणजीचाच, ४०३००१. ५ एप्रिल २०२४ रोजी 'भारती' केंद्रावर नवी शाखा सुरू झाली आणि तिला प्रायोगिक पिनकोड मिळाला : एमएच-१७१८. एमएच म्हणजे महाराष्ट्र, कारण गोवा महाराष्ट्र टपाल परिमंडळात मोडतं. त्या परिमंडळाच्या पणजी मुख्यालय असलेल्या गोवा क्षेत्रात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सांगली येतात, आणि कोल्हापूरही. वर्षातून एकदा शास्त्रज्ञांबरोबर पत्रं जातात, शिक्का बसून परत येतात. घरात शाळकरी पोर असेल तर त्याच्याकडून एक पत्र लिहून घ्या.